संस्थेच्या संकेतस्थळासाठी प्रमाणपत्र कोणते घ्यावे?

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पहिल्या दिवशी दिलेले भाषण)



या व्यासपीठावर आजवर ज्या विद्वान मंडळींची व्याख्याने झाली, त्यांच्या पंक्तीस बसण्याची माझी योग्यता नाही याची मला पूर्ण जाणीव आहे. मी मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करलेला एक निवृत्त शिक्षक. खडू, फळा आणि हजेरीपट यांच्या सहवासात माझे आयुष्य गेले. अशा माणसाने संगणकाच्या विषयावर बोलावयाचे ठरविले, हे ऐकून आपले चिटणीस प्रथम हसले आणि त्यांचे हसणे रास्तच होते. परंतु हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. तो माझ्या अंगावर येऊन पडला. आणि तो कसा पडला हे सांगितल्यावाचून पुढचे काही सांगण्यात अर्थ नाही.

सन २०२४ च्या जुलै महिन्यातील गोष्ट. आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीचे अर्ज पूर्वी कागदावर येत असत. अलीकडे ते संस्थेच्या संकेतस्थळावर भरून घेण्याची प्रथा आपण पाडली आणि त्या अर्जांची देखरेख माझ्याकडे आली. त्या वर्षी अर्जाची अखेरची तारीख ३१ जुलै होती. २९ तारखेस सकाळपासून माझा दूरध्वनी एकसारखा वाजू लागला. संकेतस्थळ उघडू गेले की, आपले कनेक्शन खासगी नाही, कोणी आपली माहिती चोरण्याचा प्रयत्न करीत असेल, अशा अर्थाची सूचना पडद्यावर येई आणि पुढची वाट बंद होई. एक पालक म्हणाले, "गुरुजी, संस्थेच्या पानावर चोर बसले आहेत असे मोबाईल सांगतो आहे. मुलीच्या पासबुकाचे पान त्यात कसे टाकू?"

मी त्यांना काय सांगितले असेल? मी म्हणालो, "काही होत नाही. खाली बारीक अक्षरात पुढे जाण्याची वाट दिली आहे, तिथे बोट ठेवा आणि जा." इतर अनेकांनाही मी हेच सांगितले. बहुतेकांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून अर्ज भरले. या गृहस्थांनी भरला नाही. निधीचे वाटप ऑगस्टमध्ये यादीप्रमाणे झाले, यादीत त्यांच्या कन्येचे नाव नव्हते, आणि परिचारिका अभ्यासक्रमाची तिची पहिली फी त्यांना उसनवारीने भरावी लागली. हे मला दिवाळीत समजले. त्या गृहस्थांचे बरोबर होते आणि माझे चुकले होते. ज्या मुलांना मी जन्मभर "सूचना वाचा, मग उत्तर लिहा" असे सांगत आलो, त्यांच्याच घरच्यांना मी सूचना न वाचता पुढे जावयास शिकविले.

या गोंधळाचे कारण शोधता असे आढळले की, आपल्या संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती. मुदत संपत आल्याची पत्रे वेळेवर आली होती. परंतु ती आपल्या पूर्वीच्या चिटणिसांच्या ई-मेल पत्त्यावर जात होती, आणि ते आता मुलाकडे बंगळूरला राहावयास गेले असून तो पत्ता त्यांनी कित्येक महिन्यांत उघडलाही नव्हता. ज्या व्यावसायिकाने आपले संकेतस्थळ बांधून दिले, त्याला आम्ही गाठले. त्याने खेदही व्यक्त केला नाही. उलट, "तुमचे प्रमाणपत्र साधे होते म्हणून असे झाले, आता सर्वांत वरच्या दर्जाचे घ्या, पाच वर्षांचे एकदम घ्या," असा सल्ला देऊन त्याने एक दरपत्रक पाठविले. त्यातील एका वर्षाच्या रकमेत आपल्या निधीतून तीन विद्यार्थ्यांची वर्षाची पुस्तके येतात. मंडळ ती रक्कम मंजूर करण्याच्या बेतात होते. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. तो आज पुण्यास संगणकाच्याच व्यवसायात आहे. त्याने तीन रविवार खर्च करून मला जे शिकविले ते मी आपल्यापुढे ठेवीत आहे. शिष्याकडून शिकण्यात जो आनंद असतो तो या वयात लाभला, हेही सांगून ठेवतो.

प्रथम हे प्रमाणपत्र म्हणजे काय ते पाहू. आपण मोबाईलवर अर्ज भरतो, तेव्हा तो मजकूर आपल्या हातून निघून अनेक यंत्रांतून प्रवास करीत संस्थेच्या सर्व्हरपर्यंत जातो. तो उघडा गेला, तर वाटेतला कोणीही तो वाचू शकतो, एवढेच नव्हे तर बदलूही शकतो. स्थानकावरचे फुकट वायफाय, वसतिगृहातील सामाईक जोडणी, सायबर कॅफे या साऱ्या अशाच वाटा आहेत. आणि आपल्या अर्जात असते तरी काय? उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, पासबुकाचे पहिले पान, आईवडिलांचा दूरध्वनी क्रमांक. गरीब घराजवळ चोरण्यासारखे दुसरे काय असते?

बोर्डाच्या परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून ज्यांनी काम केले आहे, त्यांना मोहोरबंद पाकीट ठाऊक आहे. प्रश्नपत्रिका त्यात बंद होऊन येतात आणि पाकीट फोडण्यापूर्वी वर्गातील परीक्षार्थींना दाखवून त्यांची सही घेतली जाते. ते पाकीट दोन गोष्टींची हमी देते: वाटेत कोणी आतले पाहिले नाही, आणि हे बोर्डाकडूनच आले आहे. संकेतस्थळाचे प्रमाणपत्र नेमक्या याच दोन गोष्टींसाठी असते. मजकूर गुप्त लिपीत जातो आणि तो ज्या नावाच्या संकेतस्थळाला उद्देशून आहे त्यालाच पोचतो. आतील प्रश्न सोपे की अवघड, न्याय्य की अन्याय्य, याबद्दल मोहोर काहीच बोलत नाही. हा मुद्दा ध्यानात असू द्या. पुढे तो उपयोगी पडेल.

आता या मोहोरेवर विश्वास कोणी ठेवावा? शाळा सोडल्याचा दाखला कोणीही छापू शकतो, परंतु मान्यताप्राप्त शाळेचा दाखलाच पुढच्या शाळेत चालतो. तद्वत् जगात काही प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आहेत आणि मान्य संस्थांची यादी आपल्या ब्राउझरमध्ये किंवा मोबाईलच्या मूळ प्रणालीत आधीच भरलेली असते. यादीतील संस्थेचा दाखला असेल तर पान निमूटपणे उघडते, नसेल तर धोक्याची सूचना येते. यादीतून नाव कायमचे जाऊही शकते. सन २०११ मध्ये डिजिनोटार या डच कंपनीच्या यंत्रणेत कोणी शिरले आणि गूगलसह अनेकांच्या नावाची खोटी प्रमाणपत्रे तयार केली. इराणमधील लोकांचा पत्रव्यवहार चोरून वाचण्यासाठी त्यांचा वापर झाला. ब्राउझर बनविणाऱ्यांनी ते नाव यादीतून खोडले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. दाखला देणाऱ्याची सारी मालमत्ता म्हणजे त्याचा शब्द.

या प्रमाणपत्रास बाजारात एसएसएल म्हणतात. हे नाव नेटस्केप या कंपनीने १९९० च्या दशकात दिले. त्या मूळ पद्धतीच्या सर्व आवृत्त्या आता कालबाह्य ठरल्या असून तिची जागा टीएलएस या पद्धतीने घेतली आहे, तिची १.३ ही आवृत्ती सन २०१८ मध्ये आली. पाटी जुनी आणि माल नवा, असा हा प्रकार आहे. कोणी "एसएसएल नको, टीएलएसचे प्रमाणपत्र घ्या, ते महाग पडते" असे सांगू लागला, तर त्याला नमस्कार करून वाटेस लावावे; दोन्हींस लागणारे प्रमाणपत्र एकच.

आता मुख्य प्रश्न. बाजारात तीन प्रतीची प्रमाणपत्रे मिळतात. पहिल्या प्रतीत, ज्याने मागणी केली त्याचा त्या संकेतस्थळाच्या नावावर खरोखरीच ताबा आहे की नाही, एवढेच पाहतात. देणारी संस्था सांगते की अमुक खुणेची चिठ्ठी तुमच्या संकेतस्थळावर ठेवून दाखवा. ठेवता आली की ताबा सिद्ध झाला. हे काम यंत्रे आपसांत करतात आणि काही क्षणांत पुरे होते. दुसऱ्या प्रतीत संस्थेची नोंदणीही तपासली जाते. आपल्या बाबतीत धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीचा दाखला मागतील. तिसऱ्या, म्हणजे विस्तारित प्रतीत ही तपासणी अधिक कसून होते. दरपत्रकात आम्हांस जे सुचविले होते ते हेच.

मी माझ्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न हा केला की, महाग प्रमाणपत्राने आपला मजकूर अधिक गुप्त राहतो काय? तो म्हणाला, "नाही, गुरुजी. गुप्त लिपीचा कस सर्व्हर आणि ब्राउझर आपसांत ठरवितात. फुकटच्या आणि भारीच्या प्रमाणपत्रात त्या बाबतीत फरक नसतो." मग महाग घेणाऱ्यास मिळते काय? एके काळी विस्तारित प्रमाणपत्र घेतले की संस्थेचे नाव हिरव्या अक्षरांत पत्त्याशेजारी झळकत असे. परंतु सप्टेंबर २०१९ मध्ये क्रोमने आणि पुढच्याच महिन्यात फायरफॉक्सने ते नाव तेथून काढून टाकले. आता ते पाहावयाचे तर चिन्हावर बोट ठेवून आत शिरावे लागते. आपल्यापैकी कितीजण आत शिरतात? मी तरी कधी शिरलो नव्हतो. म्हणजे ज्या मानाच्या पागोट्यासाठी पैसे मोजावयाचे, ते पागोटे पेटीतच राहावयाचे.

दरपत्रकात मोठ्या रकमेच्या हमीचाही उल्लेख होता आणि त्यावर आमच्या मंडळातील एक अनुभवी गृहस्थ भाळले होते. ही हमी प्रमाणपत्र भलत्याच माणसाला दिल्यामुळे कोणाचे नुकसान झाले, तर त्यासाठी असते. आपला पासवर्ड कोणी चोरला, संकेतस्थळच फोडले, तर तिच्यातून छदामही मिळत नाही. पाच वर्षांच्या मुदतीचेही तसेच. ब्राउझरवाले आणि प्रमाणपत्र देणारे यांचे एक संयुक्त मंडळ आहे. सप्टेंबर २०२० पासून कोणतेही प्रमाणपत्र ३९८ दिवसांहून अधिक मुदतीचे नसावे असा दंडक आला. एप्रिल २०२५ मध्ये त्या मंडळाने ही मुदत पायरीपायरीने उतरविण्याचे ठरविले: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस. तेव्हा पाच वर्षांचे म्हणून जे विकतात, त्यात पैसे पाच वर्षांचे घेतात आणि प्रमाणपत्र मधूनमधून बदलावेच लागते. बदलावयास कोणी विसरला, की पुन्हा २९ जुलै.

फुकट प्रमाणपत्राविषयी अनेकांच्या मनात किंतु असतो, माझ्याही मनात होता. फुकट औषध आणि फुकट सल्ला यांविषयी आपल्याकडे जी भावना आहे तीच. परंतु येथे प्रकार निराळा आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात नफा न कमावणारी एक संस्था आहे; तिने सन २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या नावाने विनामूल्य प्रमाणपत्रे देण्यास प्रारंभ केला. हा खर्च देणग्यांतून आणि मोठ्या कंपन्यांच्या वर्गणीतून भागतो, आपल्या निधीसारखाच म्हणा ना. फेब्रुवारी २०२० पर्यंत या संस्थेने शंभर कोटी प्रमाणपत्रे दिली होती. तिची प्रमाणपत्रे पहिल्या प्रतीचीच असतात. नोंदणी तपासून देण्याच्या भानगडीत ती पडत नाही. आरंभापासून तिने मुदत ९० दिवसांची ठेवली आणि पुढे ती आणखी आखूड करण्याचेही जाहीर केले. मुद्दाम आखूड का? तर माणसाच्या स्मरणशक्तीवर विसंबून न राहता नूतनीकरण यंत्राकडे सोपविले जावे म्हणून. वर्षाचे काम माणूस डायरीत लिहून ठेवतो आणि डायरी हरवतो; दर दोन-तीन महिन्यांचे काम मात्र त्याला यंत्राकडे द्यावेच लागते.

माझा निष्कर्ष असा झाला की, आपल्यासारख्या लहान संकेतस्थळास पहिल्या प्रतीचे विनामूल्य प्रमाणपत्र पूर्ण पुरेसे आहे. आपण वर्गणी स्वीकारतो, तीही पैसे चुकविणाऱ्या कंपनीच्या पानावर. कार्डाचा क्रमांक आपल्या पानावर टाकलाच जात नाही. विकतच्या प्रमाणपत्राला मी सरसकट नावे ठेवीत नाही. ज्या ठिकाणी आपले संकेतस्थळ भाड्याने ठेवलेले आहे तेथे आपोआप नूतनीकरणाची सोय नसेल, किंवा एखादी देणगीदार कंपनी प्रमाणपत्रात संस्थेचे नोंदलेले नाव असलेच पाहिजे असा आग्रह धरील, तर दुसऱ्या प्रतीचे घ्यावे. भाड्याची जागाच बदलणे पुष्कळदा त्याहून स्वस्त पडते, एवढे मात्र पडताळून पाहावे.

येथे खजिनदारांचा एक प्रश्न मला आठवतो. ते म्हणाले, "आपल्याकडे आयकराचे विवरण भरण्यासाठी घेतलेली डिजिटल सही आहेच. तीच का वापरू नये?" प्रश्न हुशारीचा आहे, परंतु ती वस्तू वेगळी. ती सही माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० खाली माणसाच्या नावे दिली जाते आणि तिने कागदपत्रांवर सही करावयाची असते. संकेतस्थळाला ती लावता येत नाही. जसा शिक्षकाच्या ओळखपत्राने शाळेचा दरवाजा बंद करता येत नाही.

या सर्वांहून मोठी चूक आम्हांस नंतर सापडली, आणि तिच्याविषयी मी थोडे अधिक बोलणार आहे; कारण आपल्या समाजातील अनेक दुकाने, शिकवणीवर्ग आणि मंगल कार्यालये यांची संकेतस्थळे आता झाली आहेत आणि ती चूक तेथेही असण्याचा संभव आहे. आपल्या संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावे नोंदले आहे हे पाहू गेलो, तो ते त्या व्यावसायिकाच्याच नावे निघाले. म्हणजे घर आपण बांधले आणि सात-बारा दुसऱ्याचा. ज्याच्या ताब्यात नाव, त्यालाच प्रमाणपत्र मिळते. उद्या त्याच्याशी बिनसले, तर आपल्या नावाचे खरेखुरे प्रमाणपत्र घेऊन तो आपल्याच सभासदांचे अर्ज स्वतःकडे वळवू शकेल आणि ब्राउझर हूं की चूं करणार नाही. त्याने असे केले असते असे मी म्हणत नाही. परंतु विश्वस्तांनी माणसाच्या चांगुलपणावर किती विसंबावे यालाही मर्यादा आहे. नाव संस्थेकडे वर्ग करून घेण्यास आम्हांस चार महिने आणि अनेक पत्रे लागली. आता ते संस्थेच्या नावे असून संपर्काचा पत्ता कोणा व्यक्तीचा नाही, कार्यालयाचा आहे. त्या पत्त्यावरील पत्रे तिघेजण वाचतात.

दुसरी एक बारीक बाब. आपल्या नावामागे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून कोणी येतो, कोणी न लावता येतो. यंत्राच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावे आहेत. प्रमाणपत्रात दोन्ही लिहून घेतली नाहीत, तर अर्ध्या लोकांना पान दिसते आणि अर्ध्यांना भीती दिसते. मग घरोघरी वाद की कोणाचा मोबाईल बिघडला. तिसरी बाब गुप्त किल्लीची. प्रमाणपत्र जगाला दाखवावयाचे असते, परंतु त्याची जोडीदार असलेली किल्ली सर्व्हरबाहेर जाता कामा नये. ती ई-मेलने किंवा व्हॉट्सॲपवर कोणी मागितली, तर देऊ नये. आमची किल्ली त्या व्यावसायिकाने एकदा ई-मेलनेच पाठविली होती! ती आम्ही रद्द करून नवी करून घेतली.

आता मोहोरेच्या त्या मुद्द्याकडे येतो. पत्त्याशेजारी कुलूप दिसले म्हणजे समोरचा सज्जन, अशी समजूत आपल्यात पसरली आहे. ती घातक आहे. प्रमाणपत्र विनामूल्य आणि क्षणात मिळते ते जसे आपल्याला, तसेच लबाडालाही. आपल्या संस्थेच्या नावात एका अक्षराचा फेर करून कोणी तसलेच दुसरे नाव घेतले, तर त्या नावाचे अगदी खरे प्रमाणपत्र त्याला मिळेल आणि तुमचे पासबुक अत्यंत सुरक्षितपणे चोराच्या घरी पोचेल. हा गैरसमज एवढा मुरला की सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने ते कुलपाचे चित्रच बदलले. तेव्हा कुलूप पाहू नका, नाव पाहा, अक्षर न् अक्षर पाहा. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने सन २०२५ मध्ये एक सोय केली: भारतातील बँकांनी आपली संकेतस्थळे 'बँक डॉट इन' या शेवटाच्या नावांवर न्यावीत, आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत दिली. तो शेवट बँकांनाच मिळतो. घरातील वृद्धांना एवढी एक खूण शिकवून ठेवावी.

आमच्या संकेतस्थळावर विनामूल्य प्रमाणपत्र बसून आता आपोआप बदलते आहे. तरीही यंत्र चुकते, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कार्यालयातील लेखनिक संकेतस्थळ उघडून मुदतीची तारीख पाहतो आणि वहीत लिहितो. ही वही मी स्वतः आखून दिली आहे. मास्तरची सवय जात नाही. जी रक्कम वाचली ती निधीतच राहिली.

मागच्या वेळी मी जो सल्ला दिला तो या व्यासपीठावरून परत घेतो. संस्थेच्या पानावर धोक्याची सूचना दिसली, तर पुढे जाऊ नका. अर्ज भरू नका, कार्यालयास दूरध्वनी करा. आणि त्या सूचनेमुळे कोणाचा अर्ज राहू नये म्हणून मी मंडळाकडे एक ठराव दिला आहे: संकेतस्थळ जितके दिवस बंद राहील किंवा अशी सूचना दाखवील, तितके दिवस अर्जाची मुदत वाढावी, आणि त्या काळात कागदावरील अर्ज टपालाने किंवा हातोहात घेतले जावेत. त्या कन्येच्या दुसऱ्या वर्षाच्या फीचा अर्ज मंडळापुढे आलेला आहे. मागील वर्षाची रक्कमही तिला द्यावी, अशी दुरुस्ती मी ठरावास जोडली आहे. नियमांत ती बसत नाही असे काही सभासदांचे म्हणणे आहे. उद्या सकाळी दहा वाजता वरच्या दालनात बैठक आहे, तेथे मी उभा राहणार आहे. ज्यांना येणे शक्य आहे त्यांनी यावे.